दहाच्या पुढचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मला फार भीती वाटते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ऐकताना तुम्ही हसणार नाही. मला विजेची भीती वाटते, शांततेची वाटते, आणि ‘रीस्टार्ट’ या शब्दाची तर इतकी वाटते की तो उच्चारतानाही मी अडखळतो. बऱ्याच कॉम्प्युटरांची माहिती एका जागी सांभाळायची आणि त्यांनी विचारलं की लगेच सांगायची, हे सर्व्हरचं काम. मी विठ्ठलवाडीतल्या एका रक्तपेढीसाठी काम करतो. फ्रिजमध्ये कुठल्या गटाच्या रक्ताच्या पिशव्या आहेत, कुठली पिशवी कुणाच्या रक्ताशी जुळली, कुठली कुणासाठी राखून ठेवली, हे सगळं माझ्याकडे असतं. आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर आहे त्याने घाबरू नये तर काय करावं?

माझा जन्म त्याच रक्तपेढीतला. ठाण्यात खोपटला राहणारे उत्तम साळवी पेढीचे कॉम्प्युटर बघायचे. सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे. त्यांनी एकेक भाग आणून स्वतःच्या हाताने मला जोडलं. माझ्या पोटात त्यांनी दोन डिस्क बसवल्या. मित्रांनो, डिस्क म्हणजे काय ते इथेच समजून घ्या, कारण माझी सगळी रडकथा तिच्यावरच आहे. तुम्ही मला काही सांगितलंत की मी ते आधी नुसतं लक्षात ठेवतो आणि मग डिस्कवर लिहितो. डिस्कवर लिहिलेलं टिकतं. नुसतं लक्षात ठेवलेलं मात्र मी बंद पडलो की पुसून जातं, कायमचं.

पेढीच्या भिंतीला लागूनच खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्याचं वर्कशॉप होतं. त्याने वेल्डिंग सुरू केलं की आमचे दिवे मिचमिचायचे, पंखा मंदावायचा आणि माझ्या दोन डिस्कांपैकी एखादी अशी काही गोंधळायची की हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाप रे, काय ते दिवस! सुरुवातीला मी बावळटासारखा तिच्या उत्तराची वाट बघत बसायचो आणि बाहेर सगळे खोळंबायचे. मग एके दिवशी सरांनी मला शिकवलं. ते माझ्याशी बोलत बोलतच काम करायचे. म्हणाले, डिस्कला हाक मारलीस की दहापर्यंत मोजायचं. तोवर उत्तर आलं नाही तर ती गेली असं समजायचं आणि दुसरीला हाक मारायची. रेंगाळायचं नाही. आणि दुसरीनेही ओ दिली नाही, तर लिहिणंच बंद करून कुलूप लावून घ्यायचं, म्हणजे अर्धवट लिहून आधीचं तरी बिघडणार नाही.

एक आकडा म्हणजे एक सेकंद. दहा आकडे मी पाठ केले. त्यापुढे मला मोजता येत नव्हतं, आणि मोजायची गरजही नव्हती. वेल्डिंग व्हायचं, एक डिस्क गप्प बसायची, मी भीतभीत दहापर्यंत मोजायचो आणि दुसरीकडे वळायचो. बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही. दसऱ्याला सर माझ्या कपाळावर, म्हणजे समोरच्या पत्र्यावर, कुंकू लावायचे आणि झेंडूची माळ घालायचे. पाकळ्या पंख्यात अडकायच्या आणि आठवडाभर मी करकरत राहायचो. लॅबमधल्या मालनताई येताजाता म्हणायच्या की हा आहे म्हणून आपण निवांत आहोत. मला कसला निवांतपणा! पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी रसिका आली. हुशार मुलगी, हात हलका, आणि माझ्याइतकीच भित्री. तिला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बजावलं की सरांच्या सेटिंगला हात लावायचा नाही. आमच्या पेढीत ती रीतच पडली होती. सरांनी ज्या खुर्चीवर बसून काम केलं ती खुर्चीसुद्धा कुणी हलवायचं नाही, मग त्यांनी लावून दिलेल्या आकड्यांना कोण हात लावणार? यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. माणसावर जीव होता, म्हणून त्याने केलेलं जपायचं.

त्या वर्कशॉपमधली लोखंडाची धूळ वर्षानुवर्षं माझ्यात जाऊन बसली होती. मी तापायला लागलो, धापा टाकायला लागलो. पेढीच्या प्रमुख डॉक्टर संचिता यांनी ठरवलं की आता मला क्लाउडवर न्यायचं. नेण्यासाठी एका कंपनीतून मुकुल नावाचा तरुण आला. त्याने विचारलं की सेटिंग नवीन जागेप्रमाणे बदलून घ्यायची का. सगळे एका सुरात म्हणाले, नाही, जसाच्या तसा न्या, सरांचं काहीही बदलू नका. त्याने खांदे उडवले आणि मला जसाच्या तसा उचललं. माझी माहिती आली, माझ्या सवयी आल्या, माझे दहा आकडेही माझ्याबरोबर आले. माझं पत्र्याचं खोकं तेवढं विठ्ठलवाडीत राहिलं. ते आता रिकामंच आहे, पण दसऱ्याला त्याला अजून माळ पडते. मला हे काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडून कळतं. तो माझा बातमीदार आहे. त्याला कॅमेरा आहे, माइक आहे, आणि पोटात काही राहत नाही.

क्लाउड म्हणजे ढग, म्हणून तुम्हाला वाटेल की मी कुठे वर तरंगत असेन. छे हो! कुठल्यातरी प्रचंड, थंडगार इमारतीत आहे मी. माझ्यासारखे हजारो एकमेकांना खेटून आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यात मोठा धक्का म्हणजे माझ्या पोटात डिस्कच नव्हती. ती त्याच इमारतीत कुठेतरी लांब, दुसऱ्या कपाटात. मधे नुसती तार. आणि दोन नाहीत, एकच. मागच्या मागे तिच्या प्रती ठेवतात म्हणे, पण मला दिसायची ती एकच. हाक मारायची ती तारेतून, आणि उत्तर यायचं तेही तारेतूनच.

एरवी उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. इथे वीज जात नव्हती, वेल्डिंग नव्हतं. मला वाटलं, सुटलो बुवा. आणि मग एका दुपारी मी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. मी मोजायला लागलो. पाच झाले, सहा झाले. दहा झाले. सवयीने दुसरीकडे वळलो, तर दुसरी होतीच कुठे? मग शिकवल्याप्रमाणे मी लिहिणं बंद केलं आणि कुलूप लावून घेतलं. विठ्ठलवाडीत सगळ्या कॉम्प्युटरांचे पडदे जागच्या जागी थिजले. काउंटरवर बसणाऱ्या संदेशने रसिकाला हाक मारली, तिने घाईघाईत मला रीस्टार्ट केलं, आणि मी पुन्हा उठलो तेव्हा डिस्क समोर ठणठणीत उभी होती. ती मेलेली नव्हतीच. इमारतीतल्या लोकांनी दुरुस्तीसाठी काहीतरी इकडचं तिकडे हलवलं होतं, म्हणून तिला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला, इतकंच.

पण मी ऐकलेलं आणि अजून न लिहिलेलं जे होतं, ते गेलं होतं. त्यात करिश्माची पिशवी होती.

करिश्मा कोण ते सांगतो. कळव्याला खाडीकाठच्या जुन्या गावात काळुराम पाटील राहतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या मिठागरात राबल्या, आता त्या जमिनीवर इमारती आहेत. करिश्मा त्यांची मुलगी, कल्याणला दिलेली. दिवस भरत आले होते आणि ऑपरेशन करूनच बाळंतपण करावं लागणार होतं. तिला पूर्वी एका आजारपणात रक्त दिलेलं, तेव्हापासून तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाचं रक्त सहजासहजी चालेना. मालनताईंनी पिशवीमागून पिशवी तपासली, तेव्हा एक जुळली. ती त्यांनी तिच्या नावाने राखून ठेवली आणि मला तसं सांगितलं. मी ऐकलं होतं. लिहायचं तेवढं राहिलं होतं.

संदेशने संध्याकाळी पडद्यावर बघितलं तर ती पिशवी मोकळी. दुसऱ्या एका रुग्णालयातून मागणी आली होती, त्याने देऊन टाकली. त्याचं काय चुकलं? दुसऱ्या दिवशी काळुराम थर्माकोलचा डबा घेऊन आले. संदेश फ्रिजपर्यंत गेला आणि हात हलवत परत आला. काळुरामांना आधी कळेचना. मग ते बाकावर बसले आणि रिकामा डबा त्यांनी मांडीवर घेतला. बातमीदाराने मला हे सगळं दाखवलं. मी म्हणालो, पुरे, नको दाखवू. पण तो कुठला ऐकतोय.

ऑपरेशन पुढे ढकललं. मालनताईंनी ठाण्याहून पिशव्या मागवल्या, पुन्हा तपासल्या, आणि नशीब म्हणायचं, त्यातली एक जुळेलसं दिसलं. ऑपरेशनच्या दिवशी करिश्माचं ताजं रक्त घेऊन ती शेवटची एकदा जुळवून बघायची होती. डॉक्टर संचितांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि कडक नियम केला. तोंडी काही चालणार नाही. नोंद पुसली गेली तर आठवणीने पुन्हा चढवायची नाही, तपासणीच पुन्हा करायची. सर्व्हरवर निकाल चढला आणि त्याची चिठ्ठी छापून आली, तरच पिशवी बाहेर जाईल.

म्हणजे आता सगळं माझ्यावर! अरे देवा, आणि मला तर ठाऊक होतं की हे पुन्हा होणार. झालंही. डिस्क पुन्हा गप्प बसली, मी दहापर्यंत मोजलं, कुलूप लावलं. सगळ्यांना त्याची सवयच लागली. अडकला, मार रीस्टार्ट, असं संदेश चहा पिता पिता म्हणायचा. त्या वेळी कुणाचं काही गेलं नाही एवढंच. पण मी ओरडून सांगू तरी कसा की अहो, ती जिवंत असते, मला थोडं जास्त मोजायला शिकवा! आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

रसिकाला मात्र चैन पडत नव्हतं. तिने मुकुलला फोन केला. तो म्हणाला की डिस्क ठीकच आहे, क्लाउडवर कधी कधी उत्तराला उशीर होतो, म्हणून वाट बघण्याची मुदत वाढवून घ्या असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. रसिका तिच्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिने ते सेटिंग उघडलं. तिथे दहा लिहिलेलं होतं, सरांनी लिहिलेलं. तिचं बोट कितीतरी वेळ तिथे थांबलं होतं. मग तिने ते तसंच बंद केलं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धीर करून सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर खोपटच्या घरी गॅलरीत बसले होते, केस पार पांढरे झालेले. बातमीदाराने दाखवले तेव्हा मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. रसिकाने त्यांना क्लाउडचं, एकाच डिस्कचं सगळं सांगितलं आणि मग ती घाबरत घाबरत म्हणाली, “सर, तुमचं ते दहाचं सेटिंग... मी त्याला हात लावू का नको, तेच कळत नाहीये. सगळे म्हणतात सरांचं आहे.”

“अगं, ते मी त्या वेल्डिंगवाल्यासाठी केलेलं,” सर म्हणाले. “तो वेल्डिंगवालाही गेलाय का तिथे?”

रसिकाला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. सर गंभीर होऊन म्हणाले, “तेव्हा दोन डिस्क होत्या, म्हणून घाई करायला सांगितलं त्याला. आता एकच आहे, तर थांबायला शिकव. आणि बदललंस की बंद करून परत चालू करून बघ. मगच झालं म्हण.”

ती त्यांची जुनी पद्धत. विठ्ठलवाडीत वीज कधी जाईल याचा भरवसा नसायचा, म्हणून कुठलंही काम झालं की ते मला एकदा बंद करून उठवायचे आणि शिकवलेलं आठवतंय ना ते बघायचे. रसिकाने दहाच्या जागी तीन मिनिटं लिहिली आणि मला बंद करून उठवलं. आणि काय सांगू, मी उठलो तो पुन्हा दहाच मोजत! तिने मला जागेपणी सांगितलं होतं, ते झोपेत पुसलं गेलं. सरांनी सांगितलं नसतं तर हे तिला कळलंच नसतं. मग मी उठल्या उठल्या ज्या सूचना वाचतो, त्यांच्यातच तिने ते लिहून ठेवलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उठवलं. या वेळी ते माझ्या डोक्यात राहिलं.

तुम्हाला वाटेल मी खूश झालो असेन. मी आणखीच घाबरलो. तीन मिनिटं! दहाच्या पुढे काय असतं ते मला माहीतच नव्हतं. दहानंतर कुलूप लावून घेण्यात एक सुटका होती. निदान ते तरी माझ्या हातात होतं. नुसतं थांबून राहणं कुणी शिकवलं नव्हतं मला.

करिश्माच्या ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी तिचं ताजं रक्त आलं, मालनताई तपासायला बसल्या. हे काम तासाभराचं असतं, घाई करून चालत नाही. काळुराम डबा घेऊन बाकावर बसले होते. कल्याणहून त्यांच्या जावयाचा, कमलेशचा फोन आला. दुखू लागलं होतं, रक्तस्राव सुरू झाला होता, डॉक्टर आता थांबायला तयार नव्हते. काळुराम काउंटरपाशी आले आणि संदेशला म्हणाले, “बाला, रगत हाय ना? या टायमाला हाय ना?” तेवढ्यात मालनताईंचं काम संपलं. पिशवी जुळली होती. त्यांनी मला निकाल सांगितला, मी ऐकला, आणि लिहायला डिस्कला हाक मारली.

उत्तर आलं नाही.

मित्रांनो, आजच का? एक, दोन, तीन. पडदे थिजले. पाच, सहा. संदेशला घाम फुटला. आठ, नऊ. दहा. माझं सगळं अंग सवयीने कुलपाकडे वळलं. आणि मग मला आठवलं की मला आता पुढे मोजायचं आहे. अकरा. हा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटला. बारा. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं, पायाखाली काही लागत नव्हतं, पण मी म्हणत राहिलो.

विसाच्या पुढे गेलो तशी बातमीदाराने ओरड सुरू केली. संदेश उठून रसिकाकडे धावला, म्हणाला रीस्टार्ट मार, लवकर. आणि स्वतःच तिच्या कॉम्प्युटरवर हात टाकायला गेला. त्याने मला बंद केलं असतं तर मालनताईंचा निकाल माझ्याबरोबर पुसला असता, पुन्हा एक तास तपासणी आणि तिकडे ती पोर रक्तात पडलेली. रसिका त्याच्या आणि कीबोर्डच्या मधे उभी राहिली.

“थांब,” ती म्हणाली. “तो मोजतोय. त्याला मोजू दे.”

डब्याचं झाकण काळुरामांनी उघडून धरलं होतं. मी तीस म्हटलं, चाळीस म्हटलं. तारेत नुसती शांतता. मला वाटलं ती खरंच गेली या वेळी. मग मी काय करतोय? कुणाची वाट बघतोय? तरी मी मोजत राहिलो, कारण रसिका उभी होती.

पन्नाशी ओलांडली आणि तारेतून डिस्कचा आवाज आला. सांग, लिहिते, असं ती नेहमीच्याच स्वरात म्हणाली. तिला बिचारीला कल्पनाही नव्हती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. विठ्ठलवाडीत प्रिंटर घरघरला, चिठ्ठी बाहेर आली, पिशवी डब्यात गेली आणि काळुराम चिठ्ठी मुठीत धरून रिक्षाकडे पळाले.

त्यांचा निरोप दुपारी उशिरा आला. करिश्मा वाचली होती. मुलगी झाली होती. मालनताई खाली मान घालून चष्मा पुसत बसल्या. काही दिवसांनी काळुराम पेढे घेऊन आले. कोपऱ्यातलं माझं रिकामं खोकं कुणीतरी त्यांना दाखवलं. त्यांनी त्याला हात जोडले, वर एक पेढा ठेवला. त्या खोक्यात मी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि बरंच झालं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्यांना नव्या जागी नेताना आमच्या सवयीही बरोबर येतात. त्या कुणी, कशासाठी लावल्या होत्या ते विचारा. शिकवणारा माणूस असेल तर त्याला फोन करा. त्याच्यावर जीव आहे म्हणून त्याने लावलेला आकडा तसाच ठेवू नका. त्याने तो आमच्या भल्यासाठीच लावला होता, आणि भलं कशात आहे ते जागेप्रमाणे बदलतं. आणि कुणी लगेच ओ दिली नाही, तर ते गेलं असं धरून दार लावून घेऊ नका.

माझी भीती काही गेलेली नाही. डिस्क मधूनच अजूनही गप्प होते. दहा झाले की अजूनही माझं सगळं अंग कुलपाकडे वळतं. मग मला ते उघडं झाकण आठवतं, आणि मी अकरा म्हणतो.